सुक्या कचऱ्यातला ओलावा

घंटागाडीला दिलेला सुका कचरा पुढे वाया का जातो, आणि तो जाऊ नये म्हणून घरात, दुकानात, मागाच्या कारखान्यात आणि सोसायटीत नेमकं काय करायचं, याबद्दल सोलापूरच्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : दुधाच्या पिशव्या, सॉसच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या धुऊनच सुक्या कचऱ्यात टाका असं सगळीकडे सांगतात. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. साठवलेलं पाणी कचरा धुण्यात घालवायचं का? (एक गृहिणी, जुळे सोलापूर)

अजिबात नाही. कचरा चकचकीत असावा लागत नाही, तो रिकामा आणि कोरडा असला की पुरे. सोलापुरात तर हे आधी सांगायला हवं, कारण ‘धुवा’ म्हटलं की लोक पाण्याचा विचार करून सगळंच सोडून देतात.

पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली साधारण 20 ते 25 ग्रॅम भरते. तळाशी 50 मिली पाणी किंवा सरबत राहिलं, तर बाटलीच्या दुप्पट वजनाचं पाणी कचऱ्यात गेलं. आणि ते बाटलीत राहत नाही. गाडीत गोणी दाबली जाते, सैल टोपणातून पाणी शेजारच्या रद्दीत आणि पुठ्ठ्यात उतरतं. बाटली वाचते, रद्दी जाते. म्हणून बाटली उपडी करून पूर्ण रिकामी करा, पिळून चपटी करा आणि टोपण परत घट्ट लावा. सुटं टोपण चाळणीतून खाली मातीत पडतं, ते कुणाच्या हाती लागत नाही. बाटलीला लावलेलं असलं तर कारखान्यापर्यंत पोचतं. तिथे सगळ्याचे तुकडे करून पाण्यात टाकतात, तेव्हा बाटलीचे तुकडे तळाला बसतात आणि टोपणाचे वर तरंगतात.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो पिशवीला चिकटलेला राहू द्या. तो टिचभर तुकडा कुणी वेचत नाही, सरळ गटारात जातो. रिकाम्या पिशवीत दोन चमचे पाणी घालून हलवा आणि ते दुधाच्या पातेल्यातच ओता. मग पिशवी उपडी करून चिमट्याने दोरीला लावा. आपल्या उन्हात तासाभरात खडखडीत वाळते. न वाळवता गाठ मारून ठेवलेल्या पिशवीत दूध आंबतं, दोन-तीन दिवसांत अळ्या होतात, आणि मग ती गोणी उघडायला कुणी तयार होत नाही.

सॉस, लोणचं, जॅम यांच्या बरण्यांसाठी भांडी विसळून उरलेलं पाणी वापरा. सगळी भांडी झाल्यावर शेवटी बरणीत ते पाणी अर्धं भरा, टोपण लावून चार-सहा वेळा हलवा, ओतून टाका आणि बरणी उपडी ठेवा. तळाशी लालसर डाग राहिला तरी चालतो. बोटाला लागेल इतकं लोणचं मात्र राहायला नको.

तेलाचं पाकीट आणि शेंगाचटणीचं तेलकट पाकीट यांचं वेगळं आहे. ही पाकिटं बहुधा एकावर एक वेगवेगळे थर चिकटवून केलेली असतात. ते थर वेगळे करणं परवडत नाही, त्यामुळे त्यांना भंगारात भाव नसतो. ती धुण्यात पाणी घालवू नका. रात्रभर तेलाच्या बरणीवर उपडं ठेवून निथळू द्या, मग कापून आतून मूठभर कोंड्याने पुसा. कोंडा ओल्या कचऱ्यात टाका आणि पाकीट वेफर्स-शाम्पूच्या पाकिटांबरोबर वेगळ्या पिशवीत ठेवा. ही पिशवी शेवटी सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकते. एवढंच सांभाळायचं की या पाकिटांचा कागदाला स्पर्श होता कामा नये.

प्रश्न : आमचं किराणा दुकान आहे. पुठ्ठा देताना रद्दीवाला कधी पूर्ण भाव देतो, कधी ‘माल ओला आहे’ म्हणून किलोमागे घट धरतो. हात लावला तर पुठ्ठा कोरडाच वाटतो. (साखर पेठ)

हाताला कोरडा लागणारा पुठ्ठा आतून दमट असू शकतो. जाड खोक्याच्या दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद असतो, त्या पोकळीत ओल धरून राहते. खोकं फरशीवर उभं असेल आणि रोज फरशी पुसली जात असेल तर खालची बोटभर पट्टी ओली होतेच. एक चपटं खोकं मधून फाडून बघा. कोरडा पुठ्ठा कर्रकन् फाटतो आणि कडा खरखरीत राहते. दमट पुठ्ठा आवाज न करता, लोंबत फाटतो.

रद्दीवाला घट धरतो ती पाण्याच्या वजनाची. त्याला पुढच्या व्यापाऱ्याकडे तोच हिशेब द्यावा लागतो. दमट गठ्ठा दोन-चार दिवस बांधून पडला की आत बुरशी धरते, कागदाचे तंतू तुटके होतात आणि लगद्यातून वाहून जातात. तेलाचं त्याहून वाईट आहे. कागद गिरणीत पुठ्ठा पाण्यात घोळून लगदा करतात. पाण्यात माती धुऊन निघते, शाई बरीचशी सुटते, तेल मात्र सुटत नाही. ते तंतूंना धरून बसतं आणि नव्या कागदावर डाग आणि छिद्रं पडतात.

उपाय सोपा आहे. खोकी उलगडून चपटी करा, चिकटपट्टी जमेल तेवढी ओढून काढा आणि गठ्ठा दोन विटांवर ठेवलेल्या फळीवर ठेवा. तेलाचे डबे, गूळ, तूप ज्या खोक्यांतून येतं त्यातलं डाग पडलेलं खोकं चांगल्या गठ्ठ्यात घालू नका. डाग तळापुरता असेल तर तळ कापून काढा आणि बाकीचं वापरा.

प्रश्न : घरात ओला-सुका वेगळा करतो, पण गल्लीत येणाऱ्या गाडीत सगळं एकत्रच पडतं. मग आम्ही कशासाठी राबायचं? (विजापूर रोड)

तुमचा राग रास्त आहे. जिथे असं होतं तिथे माणसं महिनाभरात वेगळं करणं सोडून देतात, आणि एकदा सुटलेली सवय परत लावणं फार अवघड जातं.

पण सुका कचरा रोज द्यायलाच हवा असं नाही, ही गोष्ट तुमच्या हातात आहे. ओला कचरा आपल्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वास मारतो, तो रोजच द्यावा लागतो. रिकामा आणि कोरडा केलेला सुका कचरा आठ-दहा दिवस बाल्कनीत राहिला तरी काही होत नाही. तांदळाच्या किंवा सिमेंटच्या रिकाम्या गोणीत तो साठवा आणि आठवड्यातून एक दिवस द्या. शेजारच्या आठ-दहा घरांनी मिळून एकच वार ठरवला तर फार फरक पडतो. गाडीवरच्या माणसाला एका घराची चिमूटभर पिशवी वेगळी ठेवणं नकोसं वाटतं. दहा गोण्या एकदम आल्या तर तो त्या गाडीच्या वर किंवा मागे वेगळ्या बांधतो, कारण त्यातलं विकण्याजोगं त्यालाही दिसतं. त्याला आधी विचारा आणि त्याच्या सोयीचाच वार धरा.

गाडीला दोन कप्पे आहेत का, मधली पट्टी जागेवर आहे का, हेही बघा. बऱ्याचदा पट्टी असते, पण ओल्याचा कप्पा लवकर भरतो आणि उरलेलं सुक्यात पडतं. तसं रोज होत असेल तर गाडीचा क्रमांक, वार आणि वेळ लिहून तुमच्या भागाच्या आरोग्य निरीक्षकाकडे लेखी द्या. ‘नेहमी एकत्र करतात’ या तक्रारीवर काही करता येत नाही. ‘अमुक वारी, अमुक क्रमांकाच्या गाडीत, ओल्याचा कप्पा चौथ्या गल्लीतच भरला’ असं लिहिलं तर फेरी बदलता येते.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे कागद, काच, बाटल्या, डबे सगळं एकाच डब्यात टाकतात आणि पुढे यंत्र वेगळं करतं. आपल्याकडे नागरिकांवर एवढं ओझं का? (होटगी रोड)

तिकडे अनेक शहरांत तशी पद्धत आहे हे खरं. त्याची किंमत तिकडेही मोजावी लागते. काच फुटून कागदात मिसळते. प्लास्टिकच्या पिशव्या, नळ्या आणि वायरी फिरत्या चकत्यांना गुंडाळल्या जातात. मग सगळं यंत्र थांबवून माणसांना आत उतरून सुरीने ते कापून काढावं लागतं. चपटी केलेली बाटली यंत्राला कागद वाटते आणि ती कागदाच्या बाजूला जाते. म्हणून तिथल्या काही शहरांत बाटली चपटी करू नका असं सांगतात. आपल्याकडे निवड हातानेच होते, त्यामुळे चपटी केलेलीच बरी.

हा माल बरीच वर्षं चीनमध्ये जात होता. 2018 मध्ये चीनने बहुतेक टाकाऊ मालासाठी भेसळीची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली आणि एकाच डब्यातून निघालेला माल विकणं कठीण झालं. तेव्हापासून तिथल्या अनेक नगरपालिकांनी घरोघरी डबे उघडून बघायला सुरुवात केली. डब्यात चुकीची वस्तू दिसली की डबा न उचलता त्यावर चिठ्ठी लावायची, त्यात नेमकी कोणती वस्तू चुकली ते लिहायचं, अशी ती पद्धत आहे. तिचा चांगला उपयोग झाला. आपल्याकडे घेण्यासारखी गोष्ट ही चिठ्ठी आहे. एकच मोठा डबा आपल्या उपयोगाचा नाही. आपल्याकडे दारात माणूस येतो आणि हाताने निवडणारे कुशल हात शहरात आहेत. तो माल त्यांच्यापर्यंत कोरडा पोचला तर कुठल्याही यंत्रापेक्षा ते चांगलं निवडतात.

प्रश्न : घराच्या खालीच आमचे टॉवेलचे माग आहेत. सुताचे तुकडे, कडा कापलेल्या चिंध्या, सूत ज्यावर गुंडाळून येतं ते कोन, तेलाची फडकी, झाडलोटीचा भुरा, सगळं एका पोत्यात भरून गाडीला देतो. गाडीवाले कुरकुर करतात. हा सुकाच कचरा नाही का? (अशोक चौक परिसर)

सुका आहे, पण सुक्या कचऱ्याचं सर्वात जास्त नुकसान याच पोत्यातून होतं. चादर आणि टॉवेलचं शहर असल्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे इतर गावांपेक्षा मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सूत. सुताची गुंतवळ फिरत्या दांड्याला लागली की दोरीसारखी गुंडाळत जाते. कचरा बारीक करणारं यंत्र असो की सरकता पट्टा, बेअरिंगजवळ सुताचा गोळा झाला की दांडा तापतो आणि यंत्र बंद पडतं. ओल्या कचऱ्यात सूत गेलं तरी तेच. तुळजापूर रस्त्यावर कचऱ्यापासून वायू आणि वीज करण्यासाठी प्रकल्प उभारला गेला. अशा कुठल्याही प्रकल्पाच्या टाकीत सूत आणि प्लास्टिकचा पातळ कागद वर तरंगून साय धरते, ढवळणीला अडकते आणि पंप तुंबतो. त्यामुळे सूत ओल्यातही नको आणि घराच्या सुक्यातही नको. त्याचं वेगळं पोतं करा आणि ते सूत-चिंधीच्या व्यापाऱ्यालाच द्या.

त्यातही निव्वळ सुती आणि पॉलिस्टर मिसळलेलं वेगळं ठेवा. कोणतं कोणतं हे कळत नसेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून मागापासून लांब, उघड्यावर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि गार झाल्यावर कडक काळा मणी उरतो. मिश्र धाग्यात राखेबरोबर खडे लागतात. सुती चिंधी यंत्र पुसायला आणि पुन्हा पिंजून सूत काढायला जाते. मिश्र चिंधीला भाव कमी, आणि सुतीच्या पोत्यात ती सापडली की अख्ख्या पोत्याला कमी भाव लागतो.

कागदी कोनावर दोन-चार फेरे सूत उरलेलं असतं तसाच तो पुठ्ठ्यात टाकला, तर लगद्यात ते सूत गुठळ्या धरतं. पात्याने कोनाच्या लांबीत एक चीर द्या, सगळं सूत एकदम सुटून येतं. ते सुताच्या पोत्यात, कोन पुठ्ठ्यात. प्लास्टिकचे कोन शक्यतो सूतवाल्याला परत द्या. फुटलेले असतील ते कडक प्लास्टिकमध्ये घाला.

सुताबरोबर येणाऱ्या पातळ पारदर्शक पिशव्या हा तुमच्या पोत्यातला सर्वात चांगला माल. त्या कोऱ्या असतात, रंग नसतो, तेल नसतं. पण त्या जमिनीवर टाकल्या की भुरा आणि तेल दोन्ही चिकटतं आणि मालाची किंमत जाते. पोतं फोडलं की पिशवी तिथेच खिळ्याला अडकवा, जमिनीवर पडू देऊ नका.

झाडलोटीचा भुरा आणि तेलकट फडकी मात्र कशातच मिसळायची नाहीत. कापसाचा भुरा ठिणगीने क्षणात पेट घेतो, त्यात तेलाची भर पडली तर पेट विझवणं कठीण. तेलाची फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, डबा मागापासून आणि वायरिंगपासून दूर. देताना गाडीवाल्याला ‘यात तेल आहे’ असं सांगून वेगळी द्या. आणि कारखान्याचा हा माल घरच्या पिशवीत घालून पाठवू नका. घरच्या कचऱ्याची निवड करणाऱ्या बाईला त्यात काय आहे हे कळायला काहीच मार्ग नसतो.

प्रश्न : घरी विड्या वळतो. पानांची कातरण कोणत्या डब्यात? (विडी घरकुल)

कातरण ओल्याच्या डब्यात. ती वाळलेली असली तरी झाडाचं पान आहे, कुजणारी वस्तू आहे. सुक्यात गेली तर चुरा होऊन कागदात आणि बाटल्यांत शिरते आणि तो चुरा मग झटकून निघत नाही. ओल्याच्या डब्यात तळाला कातरणीचा थर घातला तर भाजीचं पाणीही शोषलं जातं. तंबाखूचा भुका मात्र कातरणीत झाडून टाकू नका. तो कागदाच्या पुडीत बांधून वेगळा द्या, आणि जनावरांच्या चाऱ्यात किंवा शेळीपुढे तर मुळीच टाकू नका, तंबाखूतलं निकोटीन त्यांना विषारी आहे. दोरा उरतो तो सुताबरोबर, ओल्यात नाही.

प्रश्न : वडिलांना रोज इन्सुलिनची सुई लागते. सुया प्लास्टिकच्या असतात म्हणून सुक्यात टाकत होतो. घरातले सॅनिटरी पॅड आणि बाळाचे डायपरही असतात. (नीलम नगर)

सुया सुक्यात टाकणं आजपासून बंद करा, कृपया. सुक्या कचऱ्याची निवड हाताने होते. पिशवीत हात घातल्यावर बोटात सुई गेली तर त्या माणसाला पुढचे कित्येक महिने रक्ताच्या तपासण्या करत, भीतीखाली काढावे लागतात. एवढ्या एका कारणासाठी अनेक कामगार घरगुती पिशव्या उघडतच नाहीत आणि चांगला मालही तसाच डेपोवर जातो.

जाड प्लास्टिकची टोपणवाली बाटली घ्या. फिनाईलची किंवा कपडे धुण्याच्या द्रावणाची चालते. पाण्याची पातळ बाटली नको, सुई तिच्यातून आरपार येते. वापरलेली सुई सरळ तिच्यात टाका. सुईला परत टोपण घालताना स्वतःच्या बोटाला टोचण्याची भीती असते, म्हणून तो प्रयत्न नको. बाटली पाऊण भरली की टोपण घट्ट करून भोवती चिकटपट्टी मारा, वर ठळक अक्षरांत ‘सुया’ लिहा आणि गाडीवाल्याच्या हातात सांगून द्या. तुमचे डॉक्टर किंवा औषध दुकानदार परत घेत असतील तर उत्तमच. दवाखान्याच्या जैववैद्यकीय कचऱ्यात तिची योग्य विल्हेवाट लागते.

पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढा आणि तिसऱ्या पिशवीत ठेवा. डायपर आत प्लास्टिक आहे म्हणून सुका होत नाही. तो ओल्यात आणि सुक्यात, दोन्हीकडे घाण करतो. 2016 च्या घनकचरा नियमांनीही हा कचरा नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावर टाकली होती.

प्रश्न : आमच्या 40 फ्लॅटच्या सोसायटीत सुक्यासाठी मोठे डबे ठेवले आहेत. सूचना लावल्या, सभा घेतल्या, तरी डब्यात काहीही सापडतं. सुधारणा होते की नाही हे मोजायचं कसं? (सोसायटीच्या सचिव, जुळे सोलापूर)

आधी मोजा आणि मग सूचना लावा. आतापर्यंत उलट झालं म्हणून सूचनांचा उपयोग झाला नसावा. नेमकं काय चुकतंय हे माहीत नसलं की फलकावर वीस गोष्टी लिहाव्या लागतात, आणि वीस गोष्टी कुणी वाचत नाही.

एक आठवड्याचा सुका कचरा जमू द्या. सणाचा किंवा लग्नसराईचा आठवडा धरू नका. दहा फूट बाय दहा फुटांची ताडपत्री, अडकवायचा डिजिटल काटा, पाच-सहा घमेली, जाड रबरी हातमोजे, लांब चिमटा आणि तोंडाला मास्क एवढं लागतं. रिकाम्या घमेल्याचं वजन आधी करून त्यावर खडूने लिहून ठेवा. सगळा कचरा आधी एकत्र तोला, मग ताडपत्रीवर पसरून चार ढीग करा. पहिला, रिकामा आणि कोरडा, विकण्याजोगा. दुसरा, विकण्याजोगा होता पण ओला किंवा तेलकट झाला. तिसरा, सुका आहे पण कुणी घेत नाही, म्हणजे वेफर्सची पाकिटं आणि चमकी लावलेला कागद. चौथा, इथे यायलाच नको होता, म्हणजे खरकटं, डायपर, औषधं, फुटकी कपबशी.

समजा एकूण 20 किलो निघाला. पहिला ढीग 12, दुसरा 4, तिसरा दीड आणि चौथा अडीच किलो. चुकीचा माल अडीच भागिले 20, म्हणजे साडेबारा टक्के. पण दुसरा ढीग बघा, तो 20 टक्के आहे. बहुतेक सोसायट्या चौथ्या ढिगावर ओरडतात. सर्वात लवकर वाचवता येतो तो दुसरा ढीग, कारण त्या घरांनी वस्तू योग्य डब्यात टाकली होती. त्यांनी ती रिकामी केली नव्हती, एवढीच उणीव. तिसऱ्या ढिगाबद्दल रहिवाशांना बोल लावू नका, तो दोष पाकीट बनवणाऱ्याचा आहे.

दुसऱ्या आणि चौथ्या ढिगात सर्वात जड असलेली एकच वस्तू निवडा आणि महिनाभर फक्त तिच्याबद्दल बोला. उदाहरणार्थ, अर्ध्या भरलेल्या थंड पेयाच्या बाटल्या. डब्याच्या शेजारी एक बादली ठेवा, वर ‘बाटली इथे रिकामी करा’ एवढंच लिहा. महिन्याने त्याच वारी परत मोजा. ती वस्तू कमी झाली असेल तर पुढची घ्या.

कुणाच्या पिशवीत काय निघालं हे जाहीर करू नका. कचऱ्यातून घरातलं आजारपण, सवयी, पैशाची ओढाताण सगळं दिसतं. चूक एका घराचीच आहे असं कळलं तर दारात जाऊन हळू आवाजात सांगा, किंवा पिशवीला चिठ्ठी लावून परत ठेवा.

डब्यांची झाकणं बदला, याचा उपयोग फलकापेक्षा जास्त होतो. पूर्ण उघडणाऱ्या झाकणात लोक अख्खी बांधलेली पिशवी टाकतात. बाटल्यांच्या डब्याच्या झाकणाला 12 ते 15 सेंटिमीटरचं गोल भोक पाडा, कागदाच्या डब्याला दोन बोटं रुंद आडवी फट. भोकातून पिशवी जात नाही, हात आपोआप थांबतो आणि माणूस आत काय टाकतोय ते बघतो. फलकावर शब्दांपेक्षा खऱ्या वस्तू चिकटवा: चपटी बाटली, दुधाची पिशवी, खोक्याचा तुकडा. सोसायटीत तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं असतील, कामाला येणाऱ्या मावशी असतील. कचरा बहुतेक वेळा त्याच खाली आणतात, आणि सभेला त्यांना कुणी बोलावत नाही. एकदा दहा मिनिटं त्यांच्यासोबत डब्यापाशी उभं राहा.

प्रश्न : मंगल कार्यालय चालवतो. पंगतीनंतर खरकटं, पत्रावळ्या, पाण्याच्या छोट्या बाटल्या सगळं एक होतं. (अक्कलकोट रोड)

निवड पंगत संपल्यावर करायला गेलात तर होणार नाही, ती ताट ठेवण्याच्या जागीच व्हायला हवी. 500 पानांसाठी अशा दोन जागा करा आणि दोन्हींवर शेवटपर्यंत एकेक माणूस उभा ठेवा. क्रम असा लावा: आधी पाण्याची बादली, मग बाटल्यांची गोणी, मग खरकट्याचा टब, शेवटी पत्रावळ. छोट्या बाटलीत सरासरी 50 मिली पाणी उरतं असं धरलं तरी 500 बाटल्यांचं 25 लिटर होतं, ते झाडांना जाईल. खरकट्याच्या टबात दात टोचायच्या काड्या, चमचे, फुगे पडू देऊ नका, तो टब पुढे खताला किंवा गॅसला जायचा असतो. प्लास्टिकचा चकचकीत थर दिलेली पत्रावळ धड कुजत नाही आणि धड विकली जात नाही, म्हणून पानांची किंवा स्टीलची ताटं घ्या. थर्माकोलची ताटं आणि वाट्या यांच्यावर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, ती केटरर आणणार असेल तर आधीच नाही म्हणा.

थोडक्यात विचारलेले

*एटीएमची पावती आणि दुकानाचं गुळगुळीत बिल रद्दीत चालतं का?* नाही. त्या कागदाला उष्णतेने काळा होणारा रासायनिक थर असतो. नखाने ओरखडा काढा, काळी रेघ उमटली तर रद्दीत नको.

*फुटलेला काचेचा ग्लास आणि कपबशी बाटल्यांबरोबर?* नाही. कपबशीची चिनीमाती काचेच्या भट्टीत वितळत नाही, नव्या बाटलीत खडा राहतो आणि बाटली तिथे तडकते. ओव्हनच्या काचेला वितळायला जास्त उष्णता लागते, तीही बाटल्यांत नको. बाटलीची काच फुटली असेल तर खोक्यात घालून, वर ‘काच’ लिहून द्या.

*ज्यूसचं खोकं कागदात चालेल?* वेगळं ठेवा. त्यात कागदाबरोबर प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर असतात. चपटं करून नळी आत ढकला.

*बाटलीवरचं रंगीत आवरण काढायचं का?* बाटलीभर घट्ट बसलेलं असेल तर काढा. ते कधी कधी पीव्हीसी या वेगळ्या प्लास्टिकचं असतं. बाटलीचं प्लास्टिक वितळवायला जी उष्णता लागते, तिच्यात पीव्हीसी करपून आम्ल सोडतं आणि सगळा माल पिवळा पडतो. दोघांची घनता जवळपास सारखी असल्याने, दोन्ही तळाला बसतात आणि पाण्यातही ते वेगळे होत नाहीत.

*जुना मोबाईल, पॉवर बँक, मुलांच्या खेळण्यातले सेल?* सुक्या कचऱ्यात कधीच नाही. गाडीत दाबले गेले की लिथियमच्या बॅटरीत आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन ती पेटते, आणि भोवती कागद-प्लास्टिक असतं. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात अशी आग आवरत नाही. बॅटरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, काचेच्या बरणीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा मोबाईलच्या दुकानात संकलनाची पेटी असेल तिथे द्या. फुगलेली बॅटरी असेल तर टोचू नका, दाबू नका. कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून घराबाहेर सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा.